आरटीनेट बसवताना मशीन हँग होतंय? कारण शोधायची पूर्ण पद्धत

लिनक्सवर झेनोमाय (लिनक्सला ठरलेल्या वेळेत काम करायला लावणारी रिअल-टाइम जोड) आणि आरटीनेट बसवणाऱ्या जवळपास प्रत्येकावर एकदा तरी ही वेळ येते. कर्नेल नीट बूट होतो, सगळं ठीक वाटतं, तुम्ही 'आरटीनेट स्टार्ट' देता आणि स्क्रीन आहे तिथेच थांबतो. माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. मग आपण पॉवरचं बटण दाबून धरतो, मशीन पुन्हा चालू करतो, कॉन्फिगरेशनमध्ये काहीतरी बदलतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो. यात दोन-दोन दिवस जातात, कारण प्रत्येक वेळी आपण अंदाजावर चाललेलो असतो.

आरटीनेट म्हणजे ठरलेल्या वेळेत पॅकेट पोचवणारा नेटवर्क स्टॅक. तो जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात वाढला आणि २०१५ च्या झेनोमाय ३.० पासून झेनोमायच्याच सोर्समध्ये येतो. झेनोमायचा कोबाल्ट गाभा लिनक्सच्या खाली बसतो. प्रत्येक इंटरप्ट (उपकरणाने सीपीयूला दिलेली हाक) आधी त्याच्याकडे जातो, लिनक्सला उरलेला वेळ मिळतो. हँग होण्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं: खालच्या थराने सीपीयू किंवा इंटरप्टची लाइन धरून ठेवली की वरच्या लिनक्सला काय झालं ते सांगायचीही संधी मिळत नाही. म्हणून आधी मशीनला बोलतं करायचं आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने आहे.

(आज्ञा आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं वापरा.)

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

ग्रबच्या (बूट होताना कर्नेल निवडायच्या) मेनूमध्ये डिस्ट्रोचा साधा कर्नेल राहू द्या, झेनोमायचा कर्नेल चालला तरी तो काढू नका. आणि आरटीनेट बूटबरोबर आपोआप सुरू होत असेल तर ते आत्ताच बंद करा. नाहीतर मशीन प्रत्येक बूटला हँग होईल आणि आत शिरायला पेनड्राइव्ह शोधत बसावं लागेल.

पायरी १ : मशीन खरंच हँग झालंय का?

हा प्रश्न गंभीरपणे विचारा. हँग झालं असं समजून लोक जे मशीन बंद करतात, त्यातली कितीतरी चांगली जिवंत असतात.

सगळ्यात नेहमीचा प्रकार एसएसएचचा, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलने आत शिरण्याचा. मशीनमध्ये एकच नेटवर्क कार्ड आहे आणि तुम्ही त्याच कार्डावरून एसएसएचने आत शिरला आहात. 'आरटीनेट स्टार्ट' दिल्याबरोबर स्क्रिप्ट ते कार्ड लिनक्सच्या ड्रायव्हरकडून सोडवते आणि रिअल-टाइम ड्रायव्हरला देते. तुमचं टर्मिनल गोठतं, मशीन मात्र मजेत चालू असतं. कार्डं दोन असली तरी आरटीनेटच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या 'रिबाइंड_आरटी_निक्स' ओळीत चुकीच्या कार्डाचा पीसीआय पत्ता पडला असेल तर हेच होतं. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवून कोणत्या पत्त्यावरचं कार्ड सध्या कोणत्या ड्रायव्हरकडे आहे ते बघा आणि पत्ता अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

दुसरा प्रकार वाट बघण्याचा. टीडीएमए (प्रत्येक मशीनला पाठवायची ठरलेली पाळी देणारी पद्धत) चालू असेल तर मास्टरवरची, म्हणजे पाळ्या चालवणाऱ्या मशीनवरची, स्क्रिप्ट सगळे स्लेव्ह, म्हणजे बाकीची मशीन, येईपर्यंत थांबते. 'टीडीएमए_स्लेव्ह्ज' यादीत तीन पत्ते लिहिलेत आणि टेबलावर दोनच मशीन चालू आहेत, तर ती थांबूनच राहील. कंट्रोल-सी दाबून प्रॉम्प्ट परत आला तर मशीनला काहीही झालेलं नाही.

या दोन्ही शक्यता मोडीत निघाल्या की ग्राफिकल डेस्कटॉप सोडून टेक्स्ट कन्सोलवर या. कर्नेलच्या बूट ओळीत 'सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट' टाकलं की थेट तिथेच याल. डेस्कटॉप चालू असताना कर्नेल पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीमुळे थांबला, तर त्याचा संदेश बहुधा पडद्यामागेच राहतो, टेक्स्ट कन्सोलवर तो समोर येतो. इथे हँग झाल्यावर नमलॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नेलला कीबोर्डचे इंटरप्ट मिळताहेत, म्हणजे लिनक्स जिवंत आहे. पण दिवा हलला नाही म्हणजे सगळं संपलं असंही समजू नका. माझी एकदा इथेच फसगत झाली, ते पुढे सांगतो.

पायरी २ : मशीनला बोलतं करा

ही पायरी लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यामुळेच वाया जातो. अर्धा तास इथे घालवाच.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे सिरियल कन्सोल. इंडस्ट्रियल पीसीला सिरियल पोर्ट असतोच. नल-मोडेम केबलने तो लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपवर मिनिकॉम किंवा पिकोकॉम चालू ठेवा. मशीनच्या बूट ओळीत 'कन्सोल=टीटीवाय०' आणि 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' दोन्ही लिहा, सोबत 'इग्नोर_लॉगलेव्हल' टाका. मशीनचा शेवटचा शब्द आता लॅपटॉपवर राहतो. डिस्कवरचा लॉग इथे कामाचा नाही, कारण हँग होताना शेवटच्या ओळी मेमरीतच असतात, डिस्कपर्यंत पोचत नाहीत.

सिरियल पोर्ट नसेल तर नेटकन्सोल वापरा. कर्नेलचे संदेश तो यूडीपीने दुसऱ्या मशीनच्या ६६६६ पोर्टवर पाठवतो. त्यासाठी लिनक्सच्या ताब्यात राहणारं वेगळं कार्ड हवं, आरटीनेटला दिलेलं चालणार नाही. आणि लिनक्सला सीपीयूच मिळत नसेल तर नेटकन्सोलही गप्प बसतो, म्हणून माझी पसंती सिरियललाच. युईएफआयच्या मशीनवर पॅनिकचा शेवटचा भाग कधीकधी 'पीस्टोअर'मध्ये साठतो. रीबूटनंतर '/सिस/एफएस/पीस्टोअर' उघडून बघायला विसरू नका.

त्याच्या जोडीला 'कर्नेल.सिसआरक्यू=१' करा, म्हणजे कर्नेलच्या आणीबाणीच्या कळा चालू होतात. हँग झाल्यावर ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून पुढची अक्षरं दाबायची:

- एल : प्रत्येक चालू सीपीयू कुठे अडकलाय त्याचा बॅकट्रेस (एकात एक चालू असलेल्या फंक्शनांची यादी)
- डब्ल्यू : वाट बघत अडकलेले टास्क
- एस, यू, बी (याच क्रमाने) : डिस्क सिंक करून, रीड-ओन्ली करून रीबूट

सिरियलवरून द्यायचं असेल तर ब्रेक पाठवून पाच सेकंदांच्या आत अक्षर दाबा. यातला 'एल' फार मोलाचा आहे. ज्या फंक्शनचं नाव बॅकट्रेसमध्ये वर दिसतं, तपास तिथून सुरू करायचा.

शेवटी कर्नेलचे वॉचडॉग, म्हणजे अडकलेला सीपीयू ओळखणारे पहारेकरी. सीपीयू कर्नेलमध्येच फिरत राहिला तर साधारण २० सेकंदांनी 'सॉफ्ट लॉकअप'चा संदेश येतो, इंटरप्टसुद्धा बंद पडले असतील तर साधारण १० सेकंदांनी 'हार्ड लॉकअप'चा. म्हणून हँग झाल्यावर लगेच पॉवर काढू नका. मिनिटभर हात बांधून लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत बसा. ते एक मिनिट पुढचे कित्येक तास वाचवतं.

पायरी ३ : आरटीनेट काढून बघा

आरटीनेटचं एकही मॉड्यूल न चढवता झेनोमायची 'लेटन्सी' चाचणी तासभर चालवा. दुसऱ्या टर्मिनलवर मशीनला जड काम द्या, कर्नेलचं कंपायलेशन उत्तम. इथेच मशीन हँग झालं, 'ओव्हररन' (चुकलेल्या वेळा) वाढत गेले किंवा 'लॅट वर्स्ट'चा (सगळ्यात मोठ्या उशिराचा) आकडा मिलिसेकंदांत गेला, तर दोष आरटीनेटचा नाही, पाया कच्चा आहे.

पाया कच्चा असण्याची कारणं ठरलेली आहेत. झेनोमायची आवृत्ती आणि कर्नेलवरचा पॅच यांचा मेळ हवा: ३.२ पासून डव्हटेल नावाचा पॅच आला, त्याआधी आय-पाइप होता, आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. सीपीयूची वारंवारता बदलणारे आणि त्याला गाढ झोपेत नेणारे पर्याय बंद करा. बूट ओळीत 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=०' आणि 'प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१' टाकून फरक पडतो का ते बघा. बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर असेल तर तपास संपेपर्यंत काढून ठेवा.

इंटेलच्या बोर्डावर एसएमआयचा त्रास असतो. हे इंटरप्ट बायोस स्वतःच हाताळतो, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टमला त्यांचा पत्ता लागत नाही आणि तेवढा वेळ सीपीयू गायब होतो. झेनोमायला 'झेनोमाय.एसएमआय' हा पॅरामीटर आहे. आधी 'डिटेक्ट' देऊन नुसतं बघा. एसएमआय सरसकट बंद करायचा मोह आवरा, कारण काही बोर्डांवर तापमानाचं संरक्षण त्यावरच अवलंबून असतं. बायोसमधला 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद केल्याने बऱ्याच वेळा निभावून जातं.

पायरी ४ : मॉड्यूल एकेक करून, हाताने

पाया पक्का असेल तर स्क्रिप्ट बाजूला ठेवा. 'आरटीनेट स्टार्ट' एका दमात डझनभर कामं करते, त्यामुळे कोणत्या कामाने घात केला ते कळत नाही. त्याऐवजी एकेक मॉड्यूल 'मोडप्रोब'ने चढवा. प्रत्येकानंतर 'सिंक' द्या, दहा सेकंद थांबा, सिरियलवर नजर टाका. क्रम असा:

१. आरटीनेट
२. आरटीआयपीव्ही४
३. आरटी_लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणारं आभासी कार्ड), आणि लूपबॅकवर आरटीपिंग
४. कार्डाचा ड्रायव्हर : आरटी_ई१०००ई, आरटी_आयजीबी, आरटी_आर८१६९ यांपैकी तुमचा असेल तो
५. आरटीयूडीपी आणि आरटीपॅकेट
६. 'आरटीआयएफकॉन्फिग'ने कार्डाला पत्ता देऊन 'अप'
७. 'आरटीरूट सॉलिसिट'ने समोरच्याचा पत्ता मिळवून मग 'आरटीपिंग'

कुठल्या पायरीवर मशीन गेलं यावरच अर्ध्याहून जास्त निदान होतं.

चौथ्यावर गेलं, तर कार्ड अजून लिनक्सच्या ड्रायव्हरकडे असेल, किंवा मॉड्यूल दुसऱ्या कर्नेलसाठी बांधलेलं असेल. 'मोडइन्फो'मधलं 'व्हरमॅजिक' आणि 'यूनेम -आर' जुळतंय का ते बघा. जबरदस्तीने चढवलेलं मॉड्यूल मशीन हमखास पाडतं. तिसरी शक्यता म्हणजे कार्डाची चिप ड्रायव्हरपेक्षा नवी आहे. आरटीनेटचे ड्रायव्हर लिनक्सच्या ड्रायव्हरांवरूनच घेतलेले आहेत, पण ते त्यांच्याइतके ताजे नसतात. लिनक्समध्ये कार्ड छान चालतं म्हणून इथेही चालेल असं धरू नका.

सहाव्यावर गेलं, तर संशय थेट इंटरप्टवर.

सातव्यावर उत्तर नाही पण मशीन ठीक आहे, तर तो हँग नव्हेच. आरटीनेट ऐनवेळी एआरपी, म्हणजे समोरच्या कार्डाचा पत्ता, विचारत बसत नाही, कारण त्यात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. 'सॉलिसिट' विसरलात तर पिंग जाणारच नाही.

पायरी ५ : इंटरप्टची वाटणी

भोसरीतल्या एका शेडमध्ये आम्ही दोन इंडस्ट्रियल पीसी आरटीनेटने जोडत होतो. कार्ड 'अप' केलं की दोन-तीन सेकंदांत कीबोर्ड मरायचा. नमलॉकचा दिवा स्थिर, कर्सर स्थिर. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा पॉवर काढली. शेवटी सिरियल केबल लावली आणि लॅपटॉपवर एक ओळ उमटली: १६ नंबरचा इंटरप्ट कोणीच हाताळला नाही, म्हणून ती लाइन बंद केली आहे. मग दुसऱ्या कार्डावरून एसएसएच करून बघितलं, तर मशीनने लगेच लॉगिन दिलं. ते संपूर्ण वेळ जिवंत होतं! '/प्रोक/इंटरप्ट्स' उघडल्यावर उलगडा झाला. यूएसबी कंट्रोलर १६ वर होता आणि आमचं रिअल-टाइम कार्डही १६ वरच. कीबोर्ड यूएसबीचा, त्यामुळे नमलॉकची परीक्षा आम्हाला फसवत होती.

असं का होतं ते समजून घ्या. जुन्या पद्धतीचे पीसीआय इंटरप्ट लेव्हल-ट्रिगर्ड असतात, म्हणजे उपकरणाचं काम होईपर्यंत लाइन वर धरलेली असते. यूएसबीने लाइन वर धरली की इंटरप्ट आधी कोबाल्टकडे जातो. आरटीनेटचा ड्रायव्हर बघतो आणि म्हणतो, हा माझा नाही. यूएसबीचा हँडलर आहे लिनक्समध्ये, त्याची पाळी येतच नाही. लाइन वरच राहते, इंटरप्ट पुन्हा येतो, पुन्हा, पुन्हा. कोबाल्ट ठरावीक संख्येपर्यंत सहन करून लाइन बंद करतो. मग त्या लाइनवरची दोन्ही उपकरणं बंद पडतात, आणि लाइन बंद होण्याआधीच इंटरप्टचा पूर आला तर सगळं मशीन झोपतं.

तपासायला '/प्रोक/इंटरप्ट्स' आणि '/प्रोक/झेनोमाय/आयआरक्यू' शेजारी शेजारी ठेवा. एकच नंबर दोन्हीकडे दिसला की चोर सापडला. 'आरटीआयएफकॉन्फिग अप' करण्याआधीही 'एलएसपीसीआय -व्ही' मध्ये नंबर दिसतो.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे असे करून बघा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, आम्ही तेच केलं, नंबर १८ झाला आणि प्रश्न तिथेच मिटला. स्लॉट नसेल तर त्या लाइनवरचं नको असलेलं उपकरण बायोसमधून बंद करा: साउंड, जादा यूएसबी, पॅरलल पोर्ट. एमएसआय इंटरप्ट (वेगळ्या लाइनऐवजी संदेशाने येणारे) वाटून घ्यावे लागत नाहीत, म्हणून कार्ड आणि ड्रायव्हर दोघांनाही जमत असेल तर एमएसआयच वापरा. आणि बूट ओळीत कोणी जुन्या सल्ल्यावरून 'पीसीआय=नोएमएसआय' टाकून ठेवलंय का ते नक्की बघा. त्या एका शब्दाने सगळी उपकरणं मोजक्या लाइनींवर कोंबली जातात.

पायरी ६ : टीडीएमएची घाई नको

कार्ड चालतं, पिंग जातं, पण टीडीएमए लावल्यावर मशीन रखडतं, तर आधी 'टीडीएमए_सायकल' बघा. नमुना फाइलमध्ये ती ५००० मायक्रोसेकंद असते आणि स्लॉटमधलं अंतर २००. लोक पहिल्याच दिवशी सायकल २५० वर आणतात. थोडा हिशेब करा. इथरनेटची सगळ्यात मोठी फ्रेम प्रीअँबल आणि मधल्या रिकाम्या जागेसकट १५३८ बाइट होते. १०० मेगाबिटच्या तारेवर तिला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे २५० मध्ये दोन मशीनच्या पूर्ण फ्रेम कशाबशा बसतील, सिंकची फ्रेम आणि तुमचा प्रोग्रॅम यांना श्वास घ्यायला जागा उरणार नाही. ५००० वर चालू करा, निम्मं करत खाली या आणि प्रत्येक टप्प्यावर '/प्रोक/झेनोमाय/शेड/स्टॅट'मध्ये सीपीयू किती खर्च होतोय ते बघा.

पायरी ७ : दोष तुमच्याच लूपमध्ये असेल तर

सगळं नीट चालतं आणि तुमचा प्रोग्रॅम चालू केल्यावरच मशीन जातं, तेव्हा कोड उघडा. सर्वाधिक प्राधान्याचा थ्रेड, अखंड व्हाइल लूप आणि आत 'एमएसजी_डोन्टवेट' लावलेला 'रिसीव्ह': पॅकेट नाही म्हणून कॉल लगेच परततो आणि लूप पुन्हा फिरतो. या लूपमध्ये झोपायची जागाच नाही. कोबाल्टचा थ्रेड लिनक्सच्या खाली चालत असल्यामुळे त्या सीपीयूवर लिनक्सला एक क्षणही मिळत नाही.

'डोन्टवेट' काढा, पॅकेट येईपर्यंत थांबणारा 'रिसीव्ह' वापरा, किंवा 'क्लॉक_नॅनोस्लीप'ने ठरावीक अंतराने जागे व्हा. विकास चालू असेपर्यंत झेनोमायचा वॉचडॉग कर्नेलच्या कॉन्फिगरेशनमध्ये चालूच ठेवा. त्याची मर्यादा मुळात ४ सेकंद असते. तेवढा वेळ लिनक्सची उपासमार झाली तर तो बेफाम थ्रेडला सिग्नल देऊन मारतो आणि लॉगमध्ये त्या थ्रेडचं नाव लिहितो. म्हणून थ्रेडना नावं द्यायची सवय लावा. शिवाय 'झेनोमाय.सपोर्टेड_सीपीयूज'ने रिअल-टाइम काम एका सीपीयूपुरतं बांधा आणि शून्य नंबरचा सीपीयू लिनक्सला सोडा. थ्रेड बेफाम झाला तरी थोडा वेळ आत शिरून बघता येतं.

झेनोमायऐवजी प्रीएम्प्ट-आरटी वापरणाऱ्यांनाही हाच लूप वेगळ्या वेषात भेटतो (प्रीएम्प्ट-आरटी म्हणजे लिनक्स कर्नेललाच रिअल-टाइम बनवणारी सोय; नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून ती मूळ कर्नेलमध्येच आहे, वेगळा पॅच लागत नाही). तिथे इंटरप्टचे हँडलर स्वतः थ्रेड असतात आणि त्यांचं प्राधान्य मुळात ५० असतं. तुमचा थ्रेड ८० वर, त्याच सीपीयूवर, पॅकेटची वाट बघत फिरतोय. पॅकेट आणून देणारा थ्रेड मात्र ५० वर, त्याला पाळीच मिळत नाही. म्हणजे ज्याची वाट बघताय त्यालाच तुम्ही दाराबाहेर अडवलंय. 'पीएस'मध्ये प्रत्येक थ्रेडचा वर्ग, प्राधान्य आणि सीपीयू छापून बघा, मग 'सीएचआरटी'ने कार्डाच्या इंटरप्ट थ्रेडचं प्राधान्य वर न्या किंवा दोघांना वेगळ्या सीपीयूंवर बसवा. 'शेड_आरटी_रनटाइम_यूएस' मुळात ९५०००० असतो, म्हणजे दर सेकंदातले ५० मिलिसेकंद साध्या कामांसाठी राखलेले. वेग वाढेल म्हणून तो उणे एक करू नका, निदान प्रोग्रॅमवर पूर्ण भरवसा बसेपर्यंत तरी नाही.

दुरुस्तीनंतर

मशीन एकदा नीट चाललं म्हणून समाधान मानू नका. डिस्क, यूएसबी आणि साधं नेटवर्क कार्ड तिन्हींवर एकाच वेळी ताण देऊन रात्रभर 'आरटीपिंग' चालू ठेवा, सिरियलचा लॉग लॅपटॉपवर साठू द्या. सकाळी लॉग कोरा असेल आणि सगळ्यात वाईट वेळ तुमच्या सायकलच्या पुष्कळ आत असेल, तर बूटबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय परत चालू करा.

ती चालू करताना सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये 'कंडिशनकर्नेलकमांडलाइन=!नोआरटीनेट' ही ओळ घाला. उद्या कोणी कार्ड बदललं, इंटरप्टचे नंबर सरकले आणि मशीन पुन्हा बूटलाच हँग होऊ लागलं, तर ग्रबमध्ये 'ई' दाबून ओळीच्या शेवटी 'नोआरटीनेट' लिहिलं की मशीन आरटीनेटशिवाय वर येईल.